भावजयीचा पक्षी

माझ्या भावजयीला मी पाण्यात पाहत होते, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी माझ्याकडून चांगुलपणाची अपेक्षा ठेवायला नको. वय झालं की माणसं आठवणींना साखरेच्या पाकात बुडवतात. मला ते जमत नाही. गोड मला लहानपणापासून बाधतं.

तेव्हा आम्ही ठाण्याला टेंभी नाक्याजवळ एका चाळीत वरच्या मजल्यावर राहत होतो. दोन खोल्या आणि पुढे गॅलरी. आई, मी आणि माझा धाकटा भाऊ. मी मॅट्रिक झाले त्याच वर्षी वडील गेले. भाऊ तेव्हा चड्डीत होता. मग मी मुलींच्या शाळेत शिक्षिका झाले, भावाचं शिक्षण झालं, तो कचेरीत चिकटला, आणि या सगळ्यात माझं लग्न तेवढं राहून गेलं. कोणी मुद्दाम ठेवलं असं नाही. बाजारातून चार जिनसा आणताना एखादी राहून जाते ना, तसं. घरी आल्यावर लक्षात येतं आणि मग पुन्हा कोण जाणार, असं होतं.

पन्नास सालानंतरची, चार-पाच वर्षांची ही गोष्ट. शास्त्र शिकवणारे एक सर निवृत्त झाले आणि त्यांनी पक्षी बघणाऱ्यांचं मंडळ काढलं. चाळीत हे कळलं तेव्हा लोक पोट धरधरून हसले. कावळे काय थोडे येतात का गॅलरीत, त्यासाठी कळव्यापर्यंत कशाला जायला हवं, असं आमच्या शेजारीण काकूंचं मत होतं. पण मी गेले. खरं सांगू? पक्ष्यांचं मला तेव्हा काही नव्हतं. रविवारी सकाळी घरातून बाहेर पडायला एक सभ्य कारण हवं होतं, ते मिळालं. पक्ष्यांची गोडी मागाहून लागली, आणि लागली ती अशी लागली की शनिवारी रात्री मला झोप येईना.

रविवारी उजाडता उजाडता आम्ही खाडीच्या पुलाशी जमायचो. सात-आठ माणसं. त्यात मोहन्याच्या कारखान्यात नोकरी करणारे एक केमिस्ट होते, ते पहिल्या गाडीने कल्याणहून यायचे. बायकांत मी एकटी. पुलावरून पलीकडे कळव्याला गेलं की मिठागरं लागायची. पाण्याचे चौकोन, मधून मातीचे बांध, त्या बांधांवरून एकामागून एक चालायचं आणि बोलायचं नाही. नुसतं बघणं एवढंच मंडळाचं काम नव्हतं. मुंबईहून काही साहेबलोक बंदुका घेऊन बदकं मारायला येत, त्यांच्याशी सर इंग्रजीत हुज्जत घालायचे. ‘येथे पक्षी मारू नयेत’ अशी पाटी आम्ही बांधावर ठोकली होती. ती कोणीतरी चुलीला नेली. आम्ही दुसरी ठोकली. तीही गेली. तिसरी मी स्वतः रंगवली, आणि ती राहिली. माझ्या अक्षराला लोक भितात, असं केमिस्ट म्हणाले.

या मंडळात शिरण्याची एक रीत होती, ती नीट सांगते, कारण सगळं रामायण तिच्यावरूनच झालं. नुसती वर्गणी भरून सभासद होता येत नसे. सरांनी जाड पुठ्ठ्याची एक वही केली होती. ठाणे आणि आसपास दिसलेला प्रत्येक पक्षी तिच्यात एकदा लिहायचा, पुढे तो प्रथम कोणी पाहिला त्याचं नाव, आणि त्यापुढे साक्षीदाराचं. ज्याला सभासद व्हायचं असेल त्याने वहीत नसलेला एक पक्षी मंडळाला द्यायचा. ‘पक्षी देणे’ असंच आम्ही म्हणायचो. आणि जुन्या सभासदांपैकी एकाने तरी तो आपल्या डोळ्यांनी बघून, होय, हा तोच, असं म्हणायचं. साक्ष नाही तर पक्षी नाही, आणि पक्षी नाही तर सभासद नाही. सरांनी या बाबतीत सख्ख्या भावाचंही ऐकलं नसतं.

सुरुवातीला वही कोरी होती तेव्हा मजाच होती. कावळा खुद्द सरांनी दिला, कारण कोणीतरी द्यायलाच हवा होता. केमिस्टनी घार दिली. मी तांबट दिला. आमच्या शाळेमागच्या उंबरावर तो दिवसभर टुक टुक करायचा, सगळी शाळा ऐकायची, पण वर मान करून बघितला तो मीच, याचा मला कोण अभिमान! वर्षं गेली तशी वही भरत गेली आणि मागून येणाऱ्यांचे हाल व्हायला लागले. कॉलेजातले दोघे मित्र अख्खा हिवाळा चिखल तुडवत हिंडले, त्यांना वहीत नसलेलं एक पीसही सापडलं नाही. वैतागून ते निघून गेले. मला, देवाशपथ, बरं वाटलं होतं.

कारण मंडळात माझं आता बरं चाललं होतं. लढाई संपल्यावर बाजारात आलेली एक जुनी दुर्बीण सरांनी कुठूनशी मिळवली होती. मंडळाची ती एकच. सरांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला, तशी त्यांनी ती माझ्या ताब्यात दिली. ती माझ्या ट्रंकेत, माझ्या लुगड्यांच्या घडीत असायची. वही लिहिण्याचं कामही अक्षरामुळे माझ्याकडे आलं. सरांकडे रंगीत चित्रांचं एक इंग्रजी पुस्तक होतं, त्यांना बारीक अक्षर दिसेना, म्हणून दर गुरुवारी त्यांच्या घरी जाऊन मी ते मोठ्याने वाचून दाखवायची. घरी मी कोण? भावाची बहीण, आईची लग्न न झालेली मुलगी. शाळेत मी चौथीच्या बाई. आणि बांधावर मात्र सर म्हणायचे, “बाई, तुम्ही बघा आणि सांगा.” मग मी दुर्बीण डोळ्यांना लावायची आणि सात-आठ शहाणी माणसं श्वास रोखून माझ्या तोंडाकडे बघत राहायची. हे सुख ज्याला दुसरीकडे मिळतं त्याला त्याची किंमत कळणार नाही.

मग भावाचं लग्न झालं.

मुलगी दिसायला नीटस, रंगाने सावळी, शिकलेली इंग्रजी तिसरीपर्यंत. वडील भाईंदरच्या बाजूला मिठागरावर कारकून, त्यामुळे तिचं सगळं बालपण मिठागरावरच्या आगऱ्यांच्या मुलांबरोबर उन्हात गेलेलं. आम्ही पांढरपेशे, आईला तर हे स्थळ फारसं पसंत नव्हतं. आणि तीन महिन्यांत काय झालं? आईला तिच्याशिवाय करमेना. आमटीला तिची फोडणी हवी, डोक्याला तेल तिच्या हातचं हवं. मी तेरा वर्षं करत असलेली आमटी एकाएकी अळणी झाली. मला ती ‘वन्सं’ म्हणायची, ताट वाढताना पहिलं पान माझं वाढायची, उलट शब्द कधी नाही. भांडायला जागाच ठेवायची नाही. अशा माणसाचा राग फार येतो.

तिला मंडळात आणलं कोणी, तर आईने. एकटी बाई दर रविवारी परक्या पुरुषांबरोबर खाडीवर हिंडते, यावर चाळीत कुजबूज सुरू झाली होती. एवढी वर्षं आईने ती ऐकून सोडून दिली. घरात सून आली तसा तिला सोबतीचा शोध लागला. हिला घेऊन जात जा, म्हणाली, म्हणजे कोणाचं तोंड उघडणार नाही. मी म्हटलं, तिला काय कळतंय त्यातलं, कंटाळेल बिचारी. बिचारी! माझे शब्द माझ्या घशात गेले.

पहिल्या रविवारी ती गप्प होती. पदर खोचून बांधावरून अशी चालली जशी मी घरातल्या फरशीवर चालते. आम्ही शहरातली माणसं तोल सांभाळत, एकमेकांचे खांदे धरत जायचो. दुसऱ्या रविवारी चिखलात बारीक बारीक पाखरं चरत होती, सगळी एकसारखी करडी. मी दुर्बीण लावून पुस्तकातली लक्षणं आठवत उभी होते. ती माझ्यामागून हळूच म्हणाली, “वन्सं, ती डावीकडची दोन निराळी आहेत. बाकीची चिखल टोचतायत, ही दोन ढुंगण हलवतायत.” केमिस्ट खो खो हसले, सर हसले, आणि मी पाहिलं तर खरोखर त्या दोन तुतवार होत्या, सारखी शेपटी हलवणाऱ्या. दुर्बीण माझ्या हातात होती आणि दिसलं तिला. नुसत्या डोळ्यांनी!

त्या दिवसापासून माझ्या पोटात दुखायला लागलं. कानामागून आली आणि तिखट झाली, ही म्हण मी मुलींना दरवर्षी शिकवायची. पण कान म्हणजे नेमका कोणाचा, हे मला तेव्हा कळलं.

तिला पुस्तकातली नावं येत नव्हती. पण कुठला पक्षी कसा चालतो, भरतीला कुठे जातो, ओहोटीला कुठे उतरतो, घाबरला की कोणत्या बाजूला उडतो, हे तिला स्वयंपाकघरातल्या डब्यांसारखं पाठ होतं. मिठागरावरच्या आगरी बायका तिला बघून हाक मारायच्या, त्यांच्या बोलीत ती त्यांच्याशी बोलायची, आणि चार दिवसांपूर्वी कोण बंदूक घेऊन आलं होतं, बदकं कुठल्या चौकोनात बसतात, सगळी बातमी घेऊन यायची. तीन वर्षांत त्या बायका माझ्याशी एक अक्षर बोलल्या नव्हत्या. सर एकदा मला म्हणाले, “बाई, घरात एवढी खाण आहे आणि तुम्ही कधी बोलला नाहीत!” मी हसले. कसं हसले ते माझं मला माहीत.

हळूहळू केमिस्टही बांधावर आल्या आल्या, आज तुमच्या भावजय नाहीत का, असं विचारायला लागले. कधी ती आली नाही तर मंडळी हिरमुसायची. मी दुर्बीण लावायची, पण आता माझ्या तोंडाकडे कोणी बघत नसे. सगळे तिच्या बोटाकडे बघत. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच, असं मी मनात म्हणायची. आणि ती नागोबासारखी वागती तर बरं झालं असतं. ती प्रत्येक वेळी मागे सरून म्हणायची, “वन्सं सांगतील बरोबर.”

त्या हिवाळ्यात तिला दिवस राहिले. घरात आनंदीआनंद. आईने लगेच फर्मान काढलं की संक्रांतीनंतर चिखलात जाणं बंद. आणि मग एका रात्री जेवताना तिने, लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच, स्वतःसाठी काहीतरी मागितलं. बाळंतपण झाल्यावर, मूल जरा मोठं झाल्यावर, पुन्हा रविवारी जाऊ का, असं तिने भावाला विचारलं. आवाज इतका लहान की मी ताटावरून मान वर करून बघितलं. भाऊ कचेरीतला माणूस, त्याला सगळं कागदावर लागायचं. तो म्हणाला, ताई सभासद आहे, तिची गोष्ट वेगळी. तू कोण म्हणून जाणार? संक्रांतीपर्यंत तुझं नाव लागलं तर पुढे कधीही जा, मी आईला सांगेन. नाव नाही लागलं तर हा विषय पुन्हा नको. आईनेही मान डोलावली. म्हणजे संक्रांतीच्या आत तिला मंडळाला एक पक्षी द्यायचा होता. हातात तीन रविवार होते.

पहिला कोरा गेला. दुसऱ्या रविवारी तिने एक बदक दाखवलं, पण ते वहीत निघालं. मीच पान उघडून दाखवलं, जरा जास्तच चपळाईने. घरी येताना ती पुलावर क्षणभर थांबली आणि खाली कोळ्यांच्या होड्यांकडे बघत म्हणाली की माहेरी असताना तिला कोणी विचारलंच नव्हतं की तुला काय येतं. इथे पहिल्यांदा विचारलं. मी म्हटलं, चल, उशीर होतोय.

तिसरा रविवार संक्रांतीच्या अगदी तोंडावर होता. बाकी मंडळी केमिस्टांबरोबर लांबच्या बांधाने गेली होती. सरांना त्या दिवशी फार चालवत नव्हतं, म्हणून सर, मी आणि ती अशी तिघं अलीकडेच थांबलो होतो. ऊन समोरून येत होतं. पाण्यात पाच-सहा मोठे पक्षी उभे होते. मी बघितलं, राखी बगळे. मान फिरवली. ती मात्र बराच वेळ डोळ्यांवर हात धरून उभी राहिली. मग म्हणाली, “सर, त्यातला शेवटचा बगळा नाही. बगळा एका जागी उभा राहून वाट बघतो. हा चालतोय, आणि डोकं उलटं करून पाण्यात घालतोय. असा पक्षी मी कधी बघितला नाही.”

सरांना तिथे नुसती पांढुरकी रेघ दिसत असणार. त्यांनी माझ्याकडे वळून नेहमीचं वाक्य म्हटलं, “बाई, तुम्ही बघा आणि सांगा.”

मी दुर्बीण लावली. काय दिसलं ते आजही जसंच्या तसं सांगते. मळकट, धुरकट रंगाचा पक्षी. पाय लांबच लांब. मान दोरीसारखी बारीक, आणि ती खाली वाकवून डोकं चक्क उलटं पाण्यात. मग त्याने डोकं वर काढलं आणि चोच दिसली. मधेच मोडल्यासारखी, खाली वाकलेली, टोकाला काळी. तो रोहित होता, पुस्तकातला फ्लेमिंगो. रोहित म्हटलं की सगळ्यांना गुलाबी पक्षी आठवतो. पण दोनच महिन्यांपूर्वी सरांना पुस्तक वाचून दाखवताना मी स्वतः वाचलं होतं की याची पिल्लं गुलाबी नसतात, पहिली काही वर्षं ती अशी मळकट राखी असतात. पूर्ण मंडळात ही गोष्ट दोन माणसांना माहीत होती. एकाला दिसत नव्हतं आणि दुसरी मी होते.

रोहित आमच्या वहीत नव्हता. त्या काळी ठाण्याच्या खाडीत रोहित बघितल्याचं कोणी सांगितलं असतं तर लोक हसले असते. कावळा, घार, तांबट असल्यांनी भरलेल्या त्या वहीत तो पक्षी पडला असता आणि पुढे तिचं नाव, आणि साक्षीदार म्हणून माझं. मला सगळं लख्ख दिसलं. सर आनंदाने काय म्हणतील, केमिस्ट धावत येतील, संध्याकाळी घरी भाऊ चाळभर सांगत सुटेल, आई तिची दृष्ट काढेल. आणि दुर्बीण? दुर्बीण किती दिवस माझ्या ट्रंकेत राहिली असती? आमटी गेली, आई गेली, भाऊ तर लग्नाच्या दिवशीच गेला. आता ही एक सकाळ होती आठवड्याची, तीही हिला हवी.

मी दुर्बीण खाली केली आणि म्हटलं, “राखी बगळाच आहे. उन्हामुळे तसा दिसतोय.”

मी ‘नीट दिसत नाही’ म्हणू शकले असते. ‘केमिस्टांना बोलावू’ म्हणू शकले असते. ते खोटं थोडं कमी झालं असतं. पण मला सोक्षमोक्ष हवा होता. सरांनी हातातली वही मिटली. मला वाटलं ती आता दुर्बीण मागेल, म्हणेल, बघू द्या मला. माझा हात पट्ट्यावर घट्ट झाला होता. तिने माझ्याकडे पाहिलं, पक्ष्याकडे पाहिलं नाही.

“वन्सं म्हणतात तर बगळाच असेल,” ती म्हणाली.

घरी आल्यावर भावाने विचारलं, काय झालं? ती म्हणाली, नाही मिळाला. आणि पदर खोचून भात टाकायला बसली. त्या दिवशी मी दोनदा भात मागून घेतला. इतकी भूक मला बरेच दिवसांत लागली नव्हती. पाप केल्यावर माणसाच्या घशाखाली घास उतरत नाही म्हणतात. माझा उतरला.

चार दिवस गेले. संक्रांत झाली. तिच्या पहिल्या संक्रांतीचं कौतुक, काळी चंद्रकळा, हलव्याचे दागिने, सगळं यथासांग. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सर जिना चढून वर आले. एवढ्या वर्षांत ते आमच्या घरी कधी आले नव्हते. मागे केमिस्ट. दोघांचे चेहरे लग्नाची अक्षत द्यायला आल्यासारखे. झालं होतं असं की त्या रविवारी जवळच मीठ ओढत असलेला एक म्हातारा आगरी बाजाराच्या दिवशी सरांना भेटला आणि म्हणाला, तुमच्या धाकट्या बाईंनी दाखवला तो पाखरू अजून तिथेच आहे. सर म्हणाले, तो तर बगळा. म्हातारा म्हणाला, “बगला नाय तो, सर. पन्नास वर्सं बगले बघतंय मी.” सरांनी कल्याणला निरोप धाडला, केमिस्ट रजा टाकून आले, आणि दोघं अगदी जवळ जाऊन बघून आले. केमिस्टांसमोर तो उडालाही, मान आणि पाय सरळ ताणून, आणि पंखांखाली पुसट गुलाबी रंग दिसला. शंकाच उरली नाही.

सरांनी खिशातून सभासदाचा अर्ज काढून तिच्यासमोर धरला. “सूनबाई, पक्षी तुमचा. साक्ष यांची. सही करा.” मग माझ्याकडे वळून, अगदी मायेने, म्हणाले की बाई, मनाला लावून घेऊ नका, समोरून ऊन असलं की भल्याभल्यांची फसगत होते. मी मान खाली घातली. त्यांना वाटलं, बाईंना वाईट वाटलं. मला मेलं हायसं वाटलं होतं, की मी नुसती आंधळी ठरले.

भाऊ खुशीत होता. संक्रांत कालच झाली, एका दिवसाने काय होतंय, म्हणाला. आईसुद्धा काही बोलली नाही. सगळे तिच्याकडे बघत होते. तिने अर्ज हातात घेतला, वाचला. तिचं बोट एकदा सहीच्या रेघेवरून फिरलं. मग तिने तो घडी घालून सरांना परत दिला आणि म्हणाली की आता असं झालंय, पुढे मूल होईल, घर सोडून येणं माझ्याने व्हायचं नाही. वन्सं येतात तेवढं पुरे. सर पुष्कळ म्हणाले. भावानेसुद्धा, अगं, मी सांगतोय ना, असं दोनदा म्हटलं. ती हसून चहा टाकायला आत गेली.

मी तिच्यामागे आत गेले. स्टोव्हला पंप मारत बसली होती. मी दार लोटलं आणि विचारलं, का नाही म्हणालीस? आवाज माझा चढलेलाच होता. मला भांडण हवं होतं. तिने म्हणावं की तुम्ही खोटं बोललात, मग मीही दोन शब्द सुनवीन, रडारड होईल, आणि एकदाचं मोकळं होईल. भांडणात मला या चाळीत कोणी हरवलेलं नव्हतं.

ती पंप मारायची थांबली. म्हणाली, “दुर्बीण लावल्यावर तुमचा श्वास अडकला, वन्सं. बगळा बघून कोणाचा श्वास अडकत नाही.”



“मी आले आणि घरातलं सगळं माझं होत गेलं,” ती म्हणाली. “मी मागितलं नव्हतं, पण झालं. तेवढं एक तुमचं राहू दे.”

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी ओळखला असता, मी त्यातली जाणकार. तिला खरंच तसं वाटत होतं. तिने माझी कीव केली होती, आणि ती आजची नव्हती. त्या बांधावर, त्या क्षणी केली होती. मी जिंकले असं समजून दोनदा भात मागत होते तेव्हा ती तो वाढत होती. मला वाटलं, हिच्या एक थोबाडीत द्यावी. मला वाटलं, हिच्या मांडीवर डोकं ठेवावं. दोन्ही केलं नाही. चहात साखर बेताने टाक, म्हटलं, सरांना मधुमेह आहे, आणि बाहेर आले.

बाहेर सर आणि केमिस्ट अजून बसलेच होते. एक वाक्य बोलायचं होतं मला. मी पाहिला होता, मुद्दाम नाही म्हटलं. एवढंच. ते ऐकल्यावर सरांनी तिला ओढून नेऊन सभासद केलं असतं. मी ते वाक्य मनात तीनदा जुळवलं आणि चहाचा कप हातात आला.

पुढच्या रविवारी मी गेले. एकटीच गेले. चाळीतली कुजबूज आता सगळ्यांना जुनी झाली होती. सरांनी बांधावर बसून वही उघडली आणि मला दिली. पक्षी लिहायचा राहिला होता. वहीत नाव फक्त सभासदाचंच लागायचं, आणि ती सभासद नाही, म्हणजे नियमाप्रमाणे तिचं नाव घालता येईना, याचं सरांना वाईट वाटत होतं. ते म्हणाले, नियम आपण केलाय, आपण मोडूही शकतो. बाई, तुम्हाला काय वाटतं? तुम्ही सांगाल तसं लिहू.

मी म्हटलं, नियम तो नियम.

रोहित, कळवा, पौष. प्रथम पाहिला त्या रकान्यात सरांचं नाव, साक्षीदार केमिस्ट. मंडळात मी पुढे तेवीस वर्षं होते, शेवटी अध्यक्षही झाले. ती पुन्हा कधी खाडीवर आली नाही. दर रविवारी मी परतले की, आज काय दिसलं वन्सं, असं विचारायची, आणि मी सांगत असताना हातातलं काम थांबवून ऐकायची. ती वही मी दर वर्षी नव्या सभासदांना दाखवायची. त्यातला सगळ्यात भारी पक्षी माझ्या भावजयीचा आहे, आणि तसं वहीत कुठेही लिहिलेलं नाही. लिहिणारी मीच होते.